कागदाची छाट

'छाट' हा शब्द ठाऊक नाही असा माणूस आपल्या नगरच्या तोफखान्यात सापडावयाचा नाही. बाईने दिवसभर बसून वळलेल्या बिड्या कारखान्यात नेऊन द्यावयाच्या, तपासनिसाने त्यांतील मूठभर बाजूला काढावयाच्या, ही आखूड, ही पोकळ, हिचे तोंड नीट मिटलेले नाही असे म्हणावयाचे, आणि तेवढी मजुरी कापावयाची, ही ती छाट. पण तपासनिसाचा शब्द हा अखेरचा शब्द का मानावा, असा प्रश्न कामगारांच्या संघटनांनी विचारला. १९६६ साली केंद्र सरकारने बिडी व सिगार कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात छाटीबद्दलचा तंटा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेऊन झटपट निकालात काढण्याची तरतूद होती. छाटणाऱ्याला कारण द्यावे लागते, एवढे तरी त्यातून मान्य झाले.

आता त्याच बाईच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. तो राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर भरावयाचा असतो. बांधकाम कामगाराची नोंदणी, भविष्यनिर्वाह निधीची मागणी, ह्याही गोष्टी तशाच. आधार, पासबुक, ९० दिवस काम केल्याचा दाखला, ह्यांची चित्रे मोबाईलने काढावयाची आणि अपलोड करावयाची. चक्र फिरत राहते आणि शेवटी पडद्यावर दोन शब्द येतात : 'अपलोड अयशस्वी'. कारण काही नाही. आपण म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. हे वाक्य आम्हांस मुळीच आवडत नाही. 'देवाची करणी' म्हणण्यासारखेच ते आहे. त्याने प्रश्न सुटत नाही, विचारणारा तेवढा गप्प बसतो. सर्व्हर म्हणजे कोठेतरी दूर अहोरात्र चालू असलेला एक संगणक, आणि त्यावर माणसांनी लिहिलेला कार्यक्रम. तो कागद कसा घेतो आणि कोठे टाकून देतो, हे समजून घेण्यास पदवी लागत नाही. आमच्याजवळ ती नाही. थोडे पुस्तकांतून आणि पुष्कळसे कार्यक्रम लिहिणाऱ्या तरुण मुलांच्या शेजारी बसून आम्ही जे शिकलो, तेच येथे सांगत आहोत.

आपल्या जिल्ह्यातील श्रोत्यांना साखर कारखान्याचे आवार परिचयाचे आहे. उसाची गाडी येते, नंबर लावते, काट्यावर भरल्या गाडीचे वजन होते, ऊस गव्हाणीत पडतो, रिकाम्या गाडीचे वजन होते, मग पावती मिळते. फाईलचा प्रवास बराचसा असाच आहे.

संकेतस्थळाच्या अर्जात फाईल जोडण्याची रीत १९९५ सालच्या नोव्हेंबरात झेरॉक्स कंपनीतील नेबेल व मॅसिंटर ह्या दोघांनी लिहून काढली. त्याआधी अर्जातून नाव, वय असा मजकूर तेवढा जात असे. त्यांची युक्ती साधी आहे. अर्जाचे सारे रकाने आणि सगळ्या फायली एकाच गाठोड्यात बांधावयाच्या, आणि दोन वस्तूंच्या मध्ये अशी एक खुणेची ओळ घालावयाची की जी मजकुरात अन्यत्र येणार नाही. गाठोड्याच्या वर एकूण किती बाईट माल आहे ते लिहिलेले असते. पलीकडचा संगणक खुणेच्या ओळी पाहून गाठोडे सोडतो, रकान्यांतील मजकूर एकीकडे ठेवतो आणि फाईल एका तात्पुरत्या जागेत उतरवितो. ही जागा आवारातील मोकळ्या मैदानासारखी आहे. कार्यक्रमाने तेथून फाईल उचलून पक्क्या गोदामात नेली तर ती राहिली. नाहीतर त्या विनंतीचे काम संपताच मैदान झाडले जाते आणि फाईल नाहीशी होते.

छाट प्रथम होते ती आकारावरून. पीएचपी नावाच्या भाषेत जगातील असंख्य संकेतस्थळे लिहिली आहेत. तिच्यात कोणी काही बदल केला नाही तर एका फाईलला मर्यादा असते २ एमबीची, आणि सबंध गाठोड्याला ८ एमबीची. तिच्यापुढे पुष्कळदा एन्जिनएक्स नावाचा दरवान उभा असतो; त्याची मूळची मर्यादा तर १ एमबीच आहे. आजच्या साध्या मोबाईलने काढलेले छायाचित्र सहज ३-४ एमबीचे भरते. मर्यादा असू नये असे आम्ही म्हणत नाही. ती नसेल तर एखादा खोडसाळ मनुष्य प्रचंड फायली धाडून साऱ्या जिल्ह्याचे काम बंद पाडील. प्रश्न आहे तो मर्यादा ओलांडल्यावर काय सांगितले जाते हा.

एकट्या फाईलने २ एमबी ओलांडले तर पीएचपी कार्यक्रमाच्या हाती एक क्रमांक देते. शून्य म्हणजे सर्व ठीक. १ म्हणजे फाईल मर्यादेबाहेर. ३ म्हणजे वाटेत जोडणी तुटली आणि फाईल अर्धवट आली. ४ म्हणजे अर्जदाराने फाईल जोडलीच नाही. ६ म्हणजे उतरविण्यास तात्पुरती जागाच नाही, ७ म्हणजे तबकडीवर लिहिता आले नाही. श्रोत्यांनी ह्यातील भेद लक्षात घ्यावा. १ आणि ४ हे अर्जदाराला दुरुस्त करता येतात, ३ मध्ये पुन्हा प्रयत्न करावा. पण ६ आणि ७ हा सर्वस्वी कचेरीचा दोष आहे, त्यात अर्जदाराने शंभर वेळा कागद जोडला तरी उपयोग नाही. यंत्राला कारण ठाऊक आहे. ते कारण ते मुकाट्याने कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती देते. तो मात्र पाचही कारणांना एकच पाटी लावतो : 'अयशस्वी'. आमची तक्रार यंत्राविषयी नाही, ह्या पाटीविषयी आहे.

सबंध गाठोडे ८ एमबीच्या वर गेले तर प्रकार याहूनही विचित्र होतो. तेव्हा पीएचपी गाठोडे सोडतच नाही. रकानेही रिकामे, फायलीही रिकाम्या. कार्यक्रम पाहतो तो नाव नाही, वय नाही, गाव नाही. आणि तो अर्जदाराला बजावतो की सर्व रकाने भरणे आवश्यक आहे. आमच्या कचेरीत एक बाई अशाच एका योजनेचा अर्ज घेऊन बसली होती. तीन वेळा तिने सारे रकाने भरले आणि तीन वेळा तिला तीच ताकीद मिळाली. आपल्यालाच लिहिता येत नाही अशी तिची समजूत झाली. पुढे एका मुलाने तशीच रचना आपल्या संगणकावर उभी करून, चार-चार एमबीची तीन छायाचित्रे जोडून, तोच चमत्कार आम्हांस दाखविला. उपाय दोन-तीन ओळींचा आहे. येणाऱ्या गाठोड्यावर लिहिलेले वजन मर्यादेशी ताडून पाहावयाचे आणि 'आपले कागद एकूण १२ एमबीचे आहेत, ८ एमबीपर्यंत आणा' असे मराठीत सांगावयाचे. याहून चांगले म्हणजे छायाचित्र पाठविण्यापूर्वीच ते मोबाईलमध्ये लहान करून घेण्याची सोय पानातच ठेवावयाची. तीही अवघड नाही.

आकारानंतर येते जात. कागद पीडीएफ आहे की छायाचित्र, हे फाईलच्या नावाच्या शेपटावरून ठरविणे म्हणजे गाडीवानाच्या तोंडी शब्दावर उसाचे वजन धरण्यासारखे आहे. शेपूट कोणालाही बदलता येते, आणि ब्राउझर जी जात कळवितो ती शपथेवर कळवीत नाही. खरे पाहावयाचे ते फाईलचे पहिले काही बाईट. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे पीडीएफ ही अक्षरे असतात. जेपेगची आणि पीएनजीची आपापली खूण आहे. हे न पाहणाऱ्या संकेतस्थळावर कोणी छायाचित्राच्या जागी पीएचपीचा कार्यक्रमच चढविला, आणि तो लोकांना उघडता येण्याजोग्या कप्प्यात जाऊन पडला, तर सर्व्हर तो कागद म्हणून दाखविणार नाही, आज्ञा म्हणून चालवील. मग साऱ्या गोदामाची किल्ली चोराच्या हाती.

म्हणून चढविलेल्या फायली लोकांच्या वहिवाटीच्या कप्प्यात ठेवूच नयेत. आणि त्यांना अर्जदाराने दिलेले नाव ठेवू नये. आमच्या सभासदांपैकी निम्म्यांच्या फाईलचे नाव 'आधार' असते. दोघांच्या फायली एकाच कप्प्यात त्याच नावाने गेल्या तर दुसरी पहिलीवर बसते आणि पहिल्याच्या अर्जाला दुसऱ्याचे आधार चिकटते. देवनागरी नावांची तर काही कार्यक्रम पार दुर्दशा करतात. सर्व्हरने स्वतः बनविलेले, अंदाज न करता येणारे लांब नाव द्यावे आणि मूळ नाव दप्तरात लिहून ठेवावे. नुसते १, २, ३ असे अनुक्रमांक दिले, तर पत्त्यातील ५७ चे ५८ करून शेजाऱ्याचे पासबुक पाहणारा कोणी ना कोणी निघतोच. कागद मागणारा तो पाहण्यास अधिकारी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अशा माहितीची वाजवी राखण न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आता पावती. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. फाईल आधी गोदामात पक्की ठेवावी, मग दप्तरात नोंद करावी, मग अर्जदाराला 'मिळाली' म्हणावे. नोंद आधी केली आणि फाईल ठेवताना तबकडी भरली, तर दप्तर म्हणते कागद आहे आणि गोदाम म्हणते नाही. सहा महिन्यांनी अधिकारी अर्ज उघडतो, त्याला रिकामे पान दिसते, आणि शेरा पडतो 'कागदपत्रे जोडली नाहीत'. कामगाराजवळ उलट सांगण्यास पुरावा कोणता? काट्याची पावती नसलेल्या उसासारखी त्याची गत होते. ह्यावर उत्तम उपाय आहे. कोणत्याही फाईलवरून हिशेबाने तिचा एक ठसा काढता येतो. शा-२५६ नावाच्या रीतीने तो ६४ अक्षरांचा येतो, आणि फाईलमध्ये एक बाईट जरी बदलला तरी ठसा पार निराळा होतो. पावतीवर तारीख, वेळ, आकार आणि हा ठसा छापून दिला, तर आम्ही पाठविलेला कागद कोणता आणि तुमच्याकडे आहे तो कोणता, ह्याचा निकाल दोन मिनिटांत लागेल.

अकोल्याच्या डोंगरात जोडणी दर दोन मिनिटांनी तुटते. पाथर्डीचा ऊसतोड कामगार हंगामात कोणत्यातरी परक्या कारखान्याच्या थळावर असतो आणि त्याचे सारे दप्तर मोबाईलमध्ये. अशांसाठी फाईल तुकड्या-तुकड्यांनी घेऊन, तुटली तेथून पुढे चालू करण्याची रीत आहे. मोठ्या कंपन्या चित्रफिती चढविण्यासाठी ती रोज वापरतात. सरकारी अर्जात तिची गरज अधिक.

पण सर्वांत चांगली तजवीज कधीकधी कागद न मागण्याची असते. भविष्यनिर्वाह निधीच्या ऑनलाईन मागणीला धनादेशाचे किंवा साक्षांकित पासबुकाचे चित्र जोडावे लागे, आणि चित्र अस्पष्ट म्हणून कितीतरी मागण्या परत जात. निधी संघटनेने २८ मे २०२४ पासून काही सभासदांपुरती ही अट काढून पाहिली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती सर्वांसाठीच रद्द केली. कारण खात्याची पडताळणी बँकेकडून आधीच झालेली असते. दप्तरात असलेलीच गोष्ट पुन्हा चित्र काढून मागणाऱ्या आणखी योजना कोणत्या, त्यांची यादी आम्ही करीत आहोत. श्रोत्यांपैकी ज्यांच्याजवळ अशा नाकारलेल्या अर्जांच्या पडद्याची चित्रे असतील, त्यांनी ती आमच्याकडे आणून द्यावीत. मात्र आधारचा क्रमांक आधी झाकून.