गिनीपिगांचे व्हायरसजन्य श्वसनरोग

गिनीपिगाच्या (कॅव्हिया पोर्सेलस) श्वसनमार्गात व्हायरसांच्या संसर्गामुळे होणारे रोग. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात मांसासाठी माणसाळविलेला हा कृंतक (कुरतडून खाणारा) प्राणी आज प्रयोगशाळांत व घरी हौसेने पाळला जातो. त्याचे श्वसनरोग मुख्यत्वे बोर्डेटेल्ला ब्राँकिसेप्टिका व स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई या सूक्ष्मजंतूंमुळे होतात. व्हायरसजन्य रोग त्यामानाने विरळा आढळतात. तथापि त्यांपैकी एक प्राणघातक आहे, तर इतर संसर्ग लक्षणांवाचून राहून प्रयोगांचे निष्कर्ष सदोष करू शकतात.

ॲडिनोव्हायरसजन्य फुप्फुसशोथ : या रोगाचे वर्णन १९८१ मध्ये जर्मनीत करण्यात आले. पुढे तो अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया इ. देशांतही आढळला. परिपाक काल ५ ते १० दिवसांचा असतो. संसर्ग झालेल्या प्राण्यांपैकी थोडेच आजारी पडतात. पण आजारी पडलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पिले, अशक्त प्राणी व ज्यांना नुकतीच भूल दिली आहे असे प्राणी विशेष बळी पडतात. श्वास घेण्यास त्रास होणे, नाकातून स्राव येणे व केस विस्कटणे ही लक्षणे दिसतात. पुष्कळदा लक्षणे दिसण्यापूर्वीच मृत्यू येतो. सूक्ष्म श्वासनलिकांच्या अस्तरातील कोशिका मरून गळून पडतात व नलिका तुंबतात. या कोशिकांच्या केंद्रकांत गडद रंग घेणारे मोठे पिंड दिसतात व ते निदानास उपयोगी पडतात.

पॅराइन्फ्ल्यूएंझा : या व्हायरसांची प्रतिपिंडे निरोगी दिसणाऱ्या गिनीपिगांच्या रक्तात आढळतात. रोगलक्षणे बहुधा नसतात, तरीही श्वासनलिका निर्दोष राहतातच असे नाही. संसर्गित गिनीपिगांत प्राणेशा तंत्रिकेच्या टोकांवरील नियंत्रक ग्राहींचे कार्य बिघडते व नलिका प्रमाणाबाहेर आकुंचन पावतात, असे १९९१ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले गेले. दम्याच्या संशोधनात हा प्राणी वापरला जात असल्याने असा लपलेला संसर्ग महत्त्वाचा ठरतो.

इन्फ्ल्यूएंझा : १९१८ च्या जागतिक साथीच्या वेळी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील कँप कोडी या लष्करी तळावर प्रयोगशाळेतील गिनीपिग मरू लागल्याची नोंद आहे. मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस गिनीपिगांत वाढतो व एकापासून दुसऱ्याकडे जातो, हे २००६ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. हवेतून होणारा हा प्रसार ५° से. तापमानास व कोरड्या हवेत सुलभ होतो, तर ३०° से. तापमानास थांबतो, असे २००७ मध्ये आढळले. थंडीत साथी का फैलावतात, याच्या अभ्यासास त्यामुळे दिशा मिळाली.

निदान व प्रतिबंध : ॲडिनोव्हायरसाचे निदान फुप्फुसाच्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व पॉलिमरेज शृंखला विक्रिया यांनी करतात, अन्य व्हायरसांसाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. ॲडिनोव्हायरसावर खास औषध वा लस उपलब्ध नाही. दुय्यम जंतुसंसर्गासाठी प्रतिजैव औषधे देतात. मात्र पेनिसिलिनामुळे आतड्यातील हितकारक सूक्ष्मजंतू नष्ट होऊन प्राणी दगावतो, म्हणून ते वर्ज्य समजतात. गिनीपिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने ते आहारातून द्यावे लागते. त्याच्या अभावी प्रतिकारशक्ती घटते. नवे प्राणी काही काळ अलग ठेवणे, दाटी टाळणे, हवा खेळती राखणे व सर्दी-पडसे झालेल्या माणसांना दूर ठेवणे हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत.