पास्कलमधील मजकूर संचिका

मजकूर संचिका, अर्थात टेक्स्ट फाइल, ही पास्कल या संगणकीय भाषेत ओळींच्या स्वरूपात अक्षरे साठवणारी संचिका होय. आज्ञावली संपताच चलांमधील मूल्ये स्मृतीतून नाहीशी होतात. संचिकेत लिहिलेला मजकूर मात्र डिस्कवर टिकून राहतो. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्ट यांनी ही भाषा १९७० मध्ये प्रामुख्याने अध्यापनासाठी प्रसिद्ध केली. पुढील विवेचन टर्बो पास्कल व फ्री पास्कल यांना अनुसरून आहे. सुलभतेसाठी आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. आज्ञावलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

मूलभूत आज्ञा

प्रथम 'टेक्स्ट' प्रकारचे चल घोषित करतात.

• असाइन – चल आणि संचिकेचे नाव यांची सांगड घालते. संचिका अद्याप उघडत नाही.
• रीसेट – अस्तित्वात असलेली संचिका वाचनासाठी उघडते. संचिका न सापडल्यास आज्ञावली २ क्रमांकाची त्रुटी दाखवून थांबते.
• रीराइट – लेखनासाठी नवी संचिका निर्माण करते. त्याच नावाची संचिका आधीपासून असल्यास तिच्यातील मजकूर पूर्वसूचनेशिवाय पुसला जातो.
• अपेंड – जुना मजकूर कायम ठेवून शेवटी भर घालू देते.
• रीडएलएन व राइटएलएन – अनुक्रमे एक ओळ वाचतात व लिहितात.
• क्लोज – संचिका बंद करते.

उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ९ तालुक्यांची नावे एका संचिकेत प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे लिहिली आहेत, असे समजू. ती वाचण्यासाठी असाइन व रीसेटनंतर 'व्हाइल नॉट ईओएफ' हे आवर्तन वापरतात. 'ईओएफ' हे फलन संचिकेचा शेवट आला का, ते सांगते. ही तपासणी वाचनाच्या आधी करणे आवश्यक असते. नंतर केल्यास रिकाम्या संचिकेतही एक ओळ मोजली जाते. याच यादीखाली 'एकूण ९' अशी ओळ जोडायची असल्यास अपेंड वापरावे. रीराइट वापरल्यास नऊही नावे जाऊन केवळ तीच ओळ उरेल.

लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यात जमा होतो. टर्बो पास्कलमध्ये हा साठा सामान्यतः १२८ बाइटचा असतो. क्लोज ही आज्ञा विसरल्यास शेवटचा मजकूर संचिकेत न पोहोचण्याचा धोका असतो.

देवनागरी मजकूर

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'वैजापूर' या शब्दात मात्रा, काना व उकार धरून ७ चिन्हे असल्याने त्याची लांबी २१ बाइट भरते. टर्बो पास्कलच्या पद्धतीची 'स्ट्रिंग' कमाल २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हेच सामावते. ओळ त्याहून मोठी असल्यास रीडएलएन उरलेला भाग कोणतीही त्रुटी न दाखवता सोडून देते. त्यामुळे मराठी परिच्छेद वाचताना फ्री पास्कलमधील 'अ‍ॅन्सीस्ट्रिंग' हा प्रकार वापरणे योग्य ठरते. त्याला ही मर्यादा नाही.