ओव्हरड्राइव्हखालचा तेलाचा डाग

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतले कित्येक जण आधी ती मोटार डोळे भरून बघून घेतात. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी. मेबॅक हा मूळचा झेपेलिन वायुयानांची इंजिनं बनवणारा कारखाना. मोटारी बनवायला लागल्यावर त्यांनी गिअरबॉक्समध्ये 'श्नेलगांग' आणि पुढे 'डोपेल-श्नेलगांग', म्हणजे जलद आणि दुहेरी जलद गिअर आणले. इंजिनाने शांतपणे फिरावं आणि गाडीने वेगात पळावं, यासाठीची ती सोय. इंग्लंडमध्ये हीच सोय वेगळ्या बांधणीने ओव्हरड्राइव्ह या नावाने पसरली, आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत भेटते ती बहुधा ही इंग्रजी जातच.

तिची रचना कॅप्टन एडगर डी नॉर्मनव्हिल या इंग्रज अभियंत्याची आणि उत्पादन शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचं. म्हणून नाव पडलं लेकॉक-डी नॉर्मनव्हिल. हा ओव्हरड्राइव्ह ज्या गाडीतून पहिल्यांदा बाजारात आला, ती स्टँडर्ड व्हॅनगार्ड. पुढे ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली, एमजी, जॅग्वार, व्होल्वो अशा अनेकांनी तो घेतला. व्हॅनगार्ड आपल्याला परकी नाही. १९४८ साली मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली आणि १९५०च्या दशकात व्हॅनगार्ड तिथेच जुळवली जाऊ लागली. आमच्या मुरगूडच्या वाचकाला आणखी जवळची वाटेल अशी एक गोष्ट: व्हॅनगार्डचं २०८८ सीसीचं इंजिन आणि टीई-२० या छोट्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं स्टँडर्ड इंजिन एकाच घराण्यातलं. वेदगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवर हात बसलेल्या मिस्त्रीला व्हॅनगार्डच्या बॉनेटखाली फारसं अनोळखी काही सापडत नाही. त्याचा हात थबकतो तो गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या त्या लांबट डब्यापाशी. पाच गिअरच्या पेट्या आल्या आणि हा डबा बाजारातून गेला, त्यामुळे तो उघडून पाहिलेली माणसंही कमी झाली. त्याच्याखाली तेलाचा डाग दिसला की मालक घाबरतो, मिस्त्री "सगळं खाली उतरवूया" म्हणतो, आणि कैकदा बाहेरच्या एका सीलचं काम पूर्ण गिअरबॉक्स खोलण्यावर जातं. माझं म्हणणं एवढंच, की तेल नेमकं कुठून येतंय हे कळल्याशिवाय या डब्याच्या एकाही नटाला पाना लावू नये.

त्यासाठी आत काय चालतं ते आधी समजून घेऊ. मध्ये एक सूर्यचक्र, त्याच्याभोवती तीन ग्रहचक्रं आणि त्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. सरळ चालीत आठ स्प्रिंगा एका सरकत्या शंकूला मागे रेटून धरतात, तो कड्याला घट्ट पकडतो आणि सगळं एकत्र फिरतं. चालकाने स्विच दाबला की सोलेनॉइड एक झडप उचलतो. मेनशाफ्टवरच्या कॅमने चालणारा छोटा प्लंजर पंप तेल दाबून साठवत असतोच. ते तेल दोन पिस्टनांमागे जातं आणि शंकू पुढे सरकून बिडाच्या स्थिर ब्रेक-रिंगमध्ये जाऊन बसतो. सूर्यचक्र जागच्या जागी थांबतं आणि कडं मेनशाफ्टपेक्षा जोरात फिरू लागतं. मॉडेलनुसार फरक पडतो, पण ०.७८ प्रमाण धरलं तर मिनिटाला ३००० फेरे घेणारं इंजिन त्याच वेगाला सुमारे २३४० फेऱ्यांवर उतरतं. निपाणीहून राष्ट्रीय महामार्गाला लागल्यावर याचं सुख कळतं. फोंडा घाटात मात्र स्विच बंदच ठेवावा, आणि ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी कधीही रिव्हर्सला टाकू नये. आतला एकाच दिशेने फिरणारा रोलर क्लच आणि शंकू एकमेकांविरुद्ध झटतात, मग काहीतरी तुटतंच.

आत तेलाचा दाब चौरस इंचाला काही शे पौंड असतो. एवढ्या दाबामुळेच गळती होते असा सर्वसाधारण समज आहे. पण दाबाखालचं तेल आतल्या आत फिरतं, ते पिस्टनच्या रिंगांतून किंवा झडपेतून निसटलं तर डब्यातच पडतं. त्याने ओव्हरड्राइव्ह लागायला उशीर होईल, जमिनीवर डाग पडणार नाही. खाली ठिबकतं ते बहुतेक वेळा दाब नसलेलं, नुसतं उडालेलं किंवा साचलेलं तेल. म्हणजे शोध घ्यायचा तो बाहेरच्या सांध्यांचा.

पहिला संशय तर इंजिनावरच घ्यावा. या जुन्या इंग्रजी इंजिनांच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं. शाफ्टवर उलट आट्यासारखी खाच असते आणि ती तेल परत आत ढकलते. ती झिजली की इंजिनाचं तेल बेलहाउसिंगमधून येतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं आणि ओव्हरड्राइव्हच्या पोटाला लोंबतं. त्याचा काळपट रंग आणि गिअर ऑइलचा गंधकी वास यांवरून फरक ओळखता येतो. दुसरा संशय पातळीवर. सपाट जागी, गाडी थंड असताना लेव्हल प्लग काढून बघावं. प्रेमापोटी जास्त ओतलेलं तेल कुठून ना कुठून बाहेर येणारच. तिसरा संशय ब्रीदरवर. गिअरबॉक्सच्या माथ्यावरचं हे बारीक भोक चिखलाने आणि ग्रीसने बुजलेलं असतं. आतली हवा तापून फुगते आणि चहाच्या किटलीचं झाकण उचलावं तशी सीलची ओठं उचलून तेलाला वाट करून देते. इथे एक तार आणि थोडं रॉकेल पुरतं. नवं सील घालूनही आठवड्यात पुन्हा गळणाऱ्या गाडीत आधी हेच भोक तपासावं.

एवढं करूनही डाग पडत असेल तर गाडी खड्ड्यावर घ्यावी. खड्डा नसेल तर चारी बाजूंनी भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मग काम पाच मिनिटांचं का असेना. पूर्ण डबा रॉकेलने धुवायचा, कोरडा करायचा आणि खडूची पूड फुंकायची. मग गाडी गरम होईपर्यंत चालवून आणायची. पांढऱ्या पुडीवर पहिली ओली रेघ सर्वांत वर जिथे दिसेल, तिथे दोष. तेल खाली येतं, वर जात नाही, त्यामुळे थेंब जिथे लोंबतो ती जागा बघून काहीच ठरवू नये.

ती रेघ बहुधा चार ठिकाणी निघते. स्पीडोमीटरच्या केबलच्या मुळाशी असेल तर तिथलं छोटं सील गेलं. हे दुर्लक्षित राहिलं तर तेल केबलमधून चढत डॅशबोर्डवरच्या मीटरच्या काचेपर्यंत पोचतं. सोलेनॉइडच्या बाजूला असेल तर झडप उचलणाऱ्या आडव्या शाफ्टच्या ओ-रिंगा कडक झाल्या. त्या स्वस्त असतात, पण तो दांडा काढल्यावर लिव्हरची जागा पुन्हा नेमकी लावावी लागते. ए-टाइप डब्यात सोलेनॉइडला वीज दिलेली असताना लिव्हरमधलं ३/१६ इंची भोक आणि कवचातलं भोक एका रेषेत यायला हवं, त्यातून तेवढ्याच जाडीची पिन आरपार गेली पाहिजे. ही जुळणी चुकली तर सोलेनॉइडमधला ओढणारा, भरपूर वीज खाणारा वेढा बंदच होत नाही आणि जळतो. दाबाच्या बाजूचा कुठलाही प्लग उघडण्याआधी इग्निशन चालू ठेवून स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करावा, म्हणजे साठलेला दाब निघून जातो. हे विसरलेल्याच्या तोंडावर गरम तेल उडतं.

तिसरी आणि सर्वांत नेहमीची जागा म्हणजे मागचं सील. आमच्याकडे याचं कारण पाऊसही आहे. हौसेची गाडी जूनपासून चार महिने कापडाखाली उभी राहते. सीलची ओठं सुकतात, फ्लॅंजच्या चकचकीत गळ्यावर गंजाचे ठिपके येतात, आणि खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढल्यावर तोच गंज कानशीसारखा सील खातो. प्रोपेलर शाफ्ट सोडवला, स्प्लिट पिन काढून मोठा नट उघडला आणि फ्लॅंज पुलरने ओढली की सील हाताशी येतं. त्याआधी फ्लॅंज हाताने वर-खाली हलवून बघावी. खेळ जाणवला तर मागचं बेअरिंग गेलंय, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर कुठलंही सील टिकत नाही.

नवं सील शोधताना गाडीचं नाव सांगू नये, माप सांगावं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. माप इंची असतं. जवळचं मेट्रिक सील ठोकून बसवलं की ते बसल्यासारखं दिसतं आणि बाहेरच्या कडेने पाझरतं. ओठ तेलाच्या दिशेने, आत तोंड करून, आणि बसवण्यापूर्वी त्याला तेलाचं बोट. फ्लॅंजच्या गळ्यावर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर नवं सीलही व्यर्थ. इथे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारखा आधार आपल्याला आहे, आणि त्याची किंमत परगावच्या जुन्या गाडीवाल्यांना जास्त कळते. ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर वाढलेल्या त्या वसाहतीत गळा थोडा कातून त्यावर पोलादी बाही बसवून मूळ मापाला आणून देणारे कारागीर आहेत. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: शेवटचा हात लेथच्या टूलचा नको, ग्राइंडिंगचा हवा, तोही चाक आडवं न सरकवता. लेथच्या टूलची बारीक नागमोडी रेघ राहिली तर फिरता शाफ्ट आट्यासारखा तेल बाहेर ओढतो, आणि दोष सीलच्या माथी येतो.

चौथी जागा म्हणजे ब्रेक-रिंगचे सांधे. रेघ तिथून निघाली तरच डबा उतरवायचा. दोन्ही पृष्ठभाग काचेवर घासून सपाट आहेत का बघावं आणि सीलंटचा पातळ थर द्यावा. जाड दिलेला थर आत पिळून निघतो आणि तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. परत चढवताना खरी कसोटी लागते. ग्रहचक्रांच्या वाहकाच्या आणि रोलर क्लचच्या स्प्लाइन एका रेषेत हव्यात, पंपाच्या कॅमची सर्वांत कमी उंचीची बाजू प्लंजरकडे हवी. लांब स्क्रूड्रायव्हरने आतल्या स्प्लाइन जुळवाव्यात, गिअर टाकून शाफ्ट हलकेच फिरवावा आणि डबा हातानेच पुढे सरकू द्यावा. शेवटची थोडी फट स्प्रिंगांमुळे राहते, ती दोन लांब स्टडांच्या नटांनी आळीपाळीने मिटवायची. त्याआधीच डबा अडला तर मागे घ्यावा. नट आवळून ओढणाऱ्याच्या हाती चुरडलेली पंपाची यंत्रणा येते.

तेल कारखान्याच्या पुस्तिकेत दिलंय तेच. काही गाड्यांना गिअर ऑइल सांगितलंय, काहींना इंजिनाचं, त्यामुळे शेजारच्या गाडीवरून ठरवू नये. घर्षण कमी करणारी बाटलीतली औषधं घालायला लेकॉकने स्पष्ट मनाई केलेली आहे, कारण शंकूचं सगळं काम घर्षणावर चालतं. या डब्यात आणि गिअरबॉक्समध्ये तेल एकच असतं, म्हणून काढताना दोन्ही ड्रेन प्लग उघडावेत, आतली जाळी धुवावी, आणि भरताना गिअरबॉक्सच्याच तोंडातून हळूहळू भरावं. पहिल्यांदा भरलेली पातळी फसवी असते. मुरगूडहून मुदाळतिट्ट्यापर्यंत जाऊन यावं, टॉपमध्ये स्विच दोन-चारदा चालू-बंद करावा, परत येऊन तेल स्थिरावू द्यावं आणि लेव्हल प्लग पुन्हा उघडावा. ओव्हरड्राइव्हने आपल्या वाट्याचं तेल घेतलेलं असतं, तेवढं वरून घालावं लागतं. त्याच वेळी फ्लॅंजचे बोल्ट आणि सांध्याचे नट एकदा पान्याने तपासून घ्यावेत.