स्टेशनपासून पाच मिनिटं

‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ एवढ्या तीन शब्दांवर मुंबई परिसरात घराची किंमत फिरते. चाकरमानी चौरस फुटांबरोबर रोजचा वेळही विकत घेतो. प्रवास तासाभराने घटला, की लांबची जमीन ‘जवळची’ होते आणि भाव चढतो.

नवी मुंबईत हे ढळढळीत दिसतं. हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी १९७० मध्ये स्थापन झाली, पण लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोचायला १९९२ साल उजाडलं. तोवर नोकरदार तिकडे राहायला जायला कचरतच होता. इथल्या रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला, तो काही दानधर्म म्हणून नव्हे. रुळांमुळे जमिनीला जो भाव येणार होता, त्यातूनच तो वसूल व्हायचा होता. वाशी स्टेशनच्या डोक्यावरची कार्यालयं पाहा, हिशेब कळेल.

भाव मात्र रूळ पडायची वाट पाहत नाही. घोषणा झाली की पहिली उडी, खांब दिसले की दुसरी. नवी मुंबईतल्या उलव्याच्या घरांच्या जाहिरातींत मुंबईला जोडणारा अटल सेतू उद्घाटनाच्या कितीतरी आधीच उभा होता! ते उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचंही उद्घाटन झालं. माझ्या मते, सामान्य खरेदीदाराला त्या लोकलचं मोल जास्त. सेतूवर मोटारीचा एकेरी टोलच २५० रुपये.

तेव्हा टोकन देण्याआधी सकाळी आठला त्या घरापासून स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघा. घड्याळ लावून.