रिकाम्या डब्याची विद्या

गेल्या महिन्यात न्यू जर्सीला भाचीकडे गेलो होतो. तिनं तळघर दाखवलं. पंचवीस वर्षं टिकणाऱ्या सुक्या जेवणाच्या बादल्या, सील न फोडलेला रेडिओ, किरणोत्सर्ग मोजायचं महागडं यंत्र. ते कसं चालवायचं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला घरगुती वस्तूंतून किरणोत्सर्ग-मापक करायला शिकवणारे क्रेसन कार्नी आठवले आणि जीव हळहळला.

१९१४चा टेक्सासमधला जन्म, प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड, महायुद्धाच्या काळात पनामाच्या जंगलात सैनिकांच्या बूट-बिछान्यांवर केलेलं काम, हे सगळं चरित्रकारांनी सविस्तर लिहावं. १९६४मध्ये ते टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत नागरी संरक्षणाच्या संशोधनासाठी आले. तिथूनच १९७९मध्ये त्यांचं ‘न्यूक्लिअर वॉर सर्व्हायव्हल स्किल्स’ हे पुस्तक निघालं.

माझं दशक त्यानंतरचं. १९८२मध्ये मी शिकायला नॉक्सव्हिलला गेलो. ओक रिज तिथून जवळच. २० नोव्हेंबर १९८३च्या रात्री टीव्हीवर ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा चित्रपट दाखवला. कॅन्सासमधली माणसं राख होताना बघून वसतिगृहात कुणी बोलेना. त्या आठवड्यात एका मित्रानं कार्नींच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती आणल्या. ते कुणालाही छापून वाटता येत असे.

रविवारी आम्ही त्यांचा मापक करायला बसलो. सूपचा रिकामा डबा, आत दोऱ्यांना टांगलेली ॲल्युमिनियम फॉइलची दोन पानं, तळाशी ओव्हनमध्ये वाळवलेले जिप्समचे तुकडे, वर पारदर्शक झाकण. घासलेल्या प्लॅस्टिकनं विद्युतभार दिला की पानं फाकतात. किरणोत्सर्ग असेल तर हवा तो भार वाहून नेते आणि पानं मिटत येतात; किती वेळात किती मिटली, यावरून तीव्रता कळते. हवेतल्या ओलाव्यानं भार निसटू नये, म्हणून ते जिप्सम. प्रशिक्षण नसलेल्या कुटुंबांकडून हे करवून घेऊन त्यांनी सूचना पारखल्या होत्या.

आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी तो डबा पाहून सुनावलं, ‘अशा पुस्तकांमुळे युद्ध सोपं वाटायला लागतं.’ तेव्हा मी गप्प बसलो, ते अजून सलतं. कार्नींनी अणुयुद्ध सोपं आहे असं कधीच म्हटलं नाही. मानवजातीवरची ती सर्वांत मोठी आपत्ती, हेच त्यांचं म्हणणं. पण अणुधुळीच्या किरणोत्सर्गाची तीव्रता स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की साधारण दहाव्या हिश्शावर येते, सात तासांनी एक दशांश तर दोन दिवसांनी एक शतांश, हे ठाऊक असलेली आई पोरांना घेऊन आत थांबते. ज्ञानानं कुणी युद्धखोर होत नाही, सर.

१९८७मध्ये सुधारित आवृत्ती आली. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, लोक विसरले. २००३मध्ये कार्नी गेले. आज कॅन्सासमधल्या एका जुन्या क्षेपणास्त्र-कोठीत श्रीमंतांसाठी आलिशान सदनिका आहेत. तयारी दुकानात गेली, हात रिकामे राहिले. माझी तक्रार एवढीच.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीच्या मुलाला घेऊन बसलो. दोन डबे वाया गेले. तिसऱ्यात पानं फाकली तसा तो श्वास रोखून पाहत राहिला. बादल्या अजून तिथंच आहेत; पण त्या घरात आता एकाला तरी मोजता येतं.