दुसऱ्याच्या नावाची राखण

"साहेब, साइट उघडत नाही." "मेल जाईना झालाय बघा." "डोमेनचं काहीतरी लेटर आलंय, पैसे भरायचे का?" होस्टिंगच्या धंद्यात दिवसभरातले बहुतेक फोन या तीन वाक्यांत मावतात. कारणं मात्र शेकड्यांनी असतात, आणि ती शोधणं हेच आमचं काम.

आमचं ऑफिस सांगलीत आहे, सर्व्हर इथे नाही. तो नवी मुंबईच्या बाजूला एका डेटा सेंटरमध्ये आहे. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात अशी सेंटरं दाटीनं उभी आहेत, कारण समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि उद्योगांसाठीची वीजही तिथे खात्रीची आहे. आम्ही अख्खा सर्व्हर भाड्यानं घेतो, त्याचे लहान लहान हिस्से पाडतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खातं देतो. डोमेन एका मोठ्या नोंदणी कंपनीकडून रिसेलर म्हणून घेऊन देतो. गिऱ्हाइकं गावातलीच आहेत: हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार, दोन-चार शाळा, पतसंस्था, एक जुनं वाचनालय.

नवख्या माणसाला वाटतं, आम्ही जागा विकतो. जागा आता स्वस्त झाली आहे. गिऱ्हाईक खरे पैसे मोजतं ते लक्ष ठेवण्याचे.

सकाळी पहिल्यांदा मी मेलची रांग बघतो. बाहेर जायला थांबलेल्या पत्रांचा आकडा रोज साधारण सारखा असतो. तो अचानक हजारांत गेला, की कुठल्या तरी खात्यात चोर शिरला आहे हे नक्की. अडकलेल्यातलं एक पत्र उघडलं की त्याच्या शीर्षओळींत ते कुठल्या खात्यातून, कुठल्या फोल्डरमधून निघालं ते सापडतं. बहुतेक वेळा तिथे वर्डप्रेस असतं आणि कैक महिने अपडेट न केलेलं एखादं प्लगइन. मग अपलोड्सचा फोल्डर उघडायचा. तिथे फक्त फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. त्यांच्यामध्ये पीएचपीची एक फाइल बसलेली दिसते, नाव असं की वर्डप्रेसचीच वाटावी. ती उघडली तर आत अक्षरांची आणि आकड्यांची लांबच लांब, अर्थहीन माळ. ती चालवली की उलगडते आणि पत्रं पाठवू लागते.

ती फाइल उडवून भागत नाही. आत शिरणाऱ्यानं दुसरी वाट ठेवलेलीच असते. म्हणून मूळ वर्डप्रेसच्या फाइलींशी इथल्या फाइली ताडून बघायच्या, ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते पाहायचं, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं तपासायची, सगळे पासवर्ड बदलायचे आणि शेवटी ते जुनं प्लगइन अपडेट करायचं किंवा काढून टाकायचं. शेवटचं राहिलं तर आठवड्याभरात सगळं पुन्हा करावं लागतं.

एवढी घाई करावी लागते ती शेजाऱ्यांसाठी. एका सर्व्हरवरची सगळी खाती एकाच आयपी पत्त्यावरून पत्रं पाठवतात. त्या पत्त्यावरून रद्दी पत्रं गेली की स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत तो चढतो, आणि मग शाळेच्या जुन्या प्लगइनमुळे कारखानदाराचं कोटेशन परत येतं. त्याचा काही दोष नसतो, ऑर्डर मात्र त्याची जाते. यादीतून नाव काढायला अर्ज करावा लागतो, पण आधी घर साफ करावं लागतं.

दुसरी बाजू कागदपत्रांची आहे. या डोमेनच्या नावानं कोणता सर्व्हर पत्र पाठवू शकतो हे एसपीएफच्या नोंदीत लिहायचं, डीकेआयएमची सही जोडायची, आणि सही जुळली नाही तर काय करायचं ते डीमार्कमध्ये सांगायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. तोवर या तीन ओळींकडे दुर्लक्ष करून चालत होतं, आता चालत नाही. मेल जाईना झालाय असा फोन आला की मी पहिल्यांदा याच ओळी तपासतो.

डोमेनचं काम तारखांचं आहे. डॉट कॉमची मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी जात नाही. नूतनीकरणासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते, पण ती किती द्यायची हे नोंदणी कंपनीच्या हातात असतं आणि साइट व मेल तोवर बंद पडलेले असतात. त्यानंतर ३० दिवस नाव सोडवून घेता येतं, मात्र दंडासकट, आणि तो दंड वर्षाच्या फीच्या कितीतरी पट असतो. शेवटचे ५ दिवस नाव कोणाच्याच हाती नसतं. मग ते बाजारात मोकळं होतं, आणि अशी नावं टिपणारी यंत्रणा जगभर टपलेली असते. वर्षानुवर्षं वापरलेलं नाव जुगाराच्या साइटला चिकटलेलं मी पाहिलं आहे.

मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवणं नोंदणी कंपनीला बंधनकारक आहे. सूचना जातेही, पण जाते ती ईमेलवर. तो ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा असेल आणि डोमेन बंद पडलं असेल, तर मुदतीनंतरची सूचना पोचणार कुठे? शिवाय खोट्या सूचना इतक्या येतात की खऱ्या पत्रावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे वळते व्हायला आधी सूचना आणि परवानगी लागते. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. पण पूर्वी गुपचूप होऊन जाणारी नूतनीकरणं त्यामुळे अडली. म्हणून आमच्याकडे वहीत तारखा असतात आणि मी फोन करतो. "काका, वीस तारखेला डोमेन संपतंय, पुढं चालू ठेवायचं न्हवं?" एवढ्या एका वाक्यानं नाव वाचतं.

यातला सगळ्यात अवघड प्रकार मालकीचा. संस्थेची वेबसाइट कोणा ओळखीच्या मुलानं करून दिलेली असते. डोमेन त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला. संस्थेच्या लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर, दारावरच्या पाटीवर ते नाव छापलेलं आहे, पण कागदोपत्री ते संस्थेचं नाही. मग त्या मुलाला शोधायचं, जुनं सिम चालू आहे का विचारायचं, ट्रान्सफरचा कोड मिळवायचा. मुलगा भला असतो, काम होतं. तो सापडलाच नाही तर संस्थेला नवं नाव घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डॉट इनची नावं निक्सी ही संस्था सांभाळते. २००५ पासून ती सर्वांसाठी खुली आहेत आणि एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येतात. शाळा-वाचनालयांना मी पाच-दहा वर्षांची नोंदणी सुचवतो. कारण समिती बदलते, सचिव बदलतात, तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

वाचनालयाची साइट जुन्या सर्व्हरवरून आमच्याकडे आणली ते काम जवळून पाहण्यासारखं होतं. पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेचे वृत्तांत, सगळं मराठीत. जुन्या डेटाबेसवर 'लॅटिन-१', म्हणजे युरोपीय अक्षरांची पद्धत, असा शिक्का होता, आत मजकूर मात्र युनिकोडमधली मराठी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, मग ते अक्षर असो की काना-वेलांटी. म्हणजे 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा पाच चिन्हांचा, पंधरा बाइटचा. शिक्क्यावर विश्वास ठेवून यंत्रानं भाषांतर केलं की हे पंधरा बाइट पंधरा सुटी युरोपीय चिन्हं होऊन बसतात आणि पान वाचता येत नाही. तोवर मजकूर परत आणता येतो. पण तो देवनागरी न पेलणाऱ्या रकान्यात एकदा भरला गेला, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं, आणि त्या प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर कोणालाही काढता येत नाही.

उपाय असा, की डेटाबेस उतरवताना यंत्राला काहीही भाषांतर करू द्यायचं नाही. बाइट जसेच्या तसे बाहेर काढायचे, फाइलमधला शिक्का बदलायचा आणि नव्या ठिकाणी यूटीएफ-८ म्हणूनच भरायचे. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ डेटाबेसला हात लावायचा नाही. मग यादी उघडून जोडाक्षरं बघायची. 'ज्ञानेश्वरी', 'वाङ्मय' असे शब्द नीट दिसले तेव्हा ग्रंथपाल बाईंनी शेजारी बसून पुढची पानं स्वतः वाचून काढली. काही वृत्तांत तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टंकलेले होते. ते कन्व्हर्टरमधून काढले, पण रफार आणि जोडाक्षरं बऱ्याच जागी चुकली होती. ती बाईंनी हातानं दुरुस्त केली. यंत्राला 'वाङ्मय' चुकलेलं कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

साइट हलवण्याआधी आणखी एक काम असतं. डोमेनचा पत्ता इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात याचा आकडा बऱ्याचदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. तो आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणायचा, म्हणजे पत्ता बदलल्यावर जग पाच-दहा मिनिटांत नव्या जागी येतं. तरीही मेल काही काळ दोन्हीकडे पडत राहते. म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही, तिथे उशिरा आलेली पत्रं उचलून आणायची.

आता बॅकअप. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली आणि एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची बॅकअपची प्रतही त्याच आवारात होती, त्यातल्या अनेकांकडे काहीच उरलं नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम त्या रात्री जगानं नव्यानं शिकला.

सांगलीनं तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरातच शिकला होता. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. बाजारपेठेतल्या दुकानांचे संगणक पाण्यात गेले. ओसरल्यावर व्यापारी विचारत आले, "आमच्या मेल तरी हायत का?" उत्तर एका सेटिंगवर ठरलं. ज्यांचं मेल आयमॅपनं जोडलेलं होतं, त्यांची बिलं, ऑर्डरी, बँकेची पत्रं सर्व्हरवर जशीच्या तशी होती. ज्यांनी जुनी पॉप पद्धत ठेवली होती आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केली नव्हती, त्यांची सगळी पत्रं त्या भिजलेल्या संगणकातच होती. त्यानंतर आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन हे सेटिंग बदललं. मेल सुरू करताना पाच मिनिटं जास्त दिली, की पुढं वर्षांचे कागद वाचतात.

बॅकअप घेतला, एवढ्यावर मी आता थांबत नाही. दर महिन्याला एखादं खातं निवडून ते रिकाम्या सर्व्हरवर परत उभं करून बघतो. फाइल सापडते पण डेटाबेस अर्धाच असतो, असं इथेच कळतं. परत उभा न केलेला बॅकअप हा फक्त अंदाज असतो.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये एका नावाजलेल्या कंट्रोल पॅनलनं दर खात्यांच्या संख्येवर बांधले आणि लहान होस्टिंगवाल्यांचं गणित बदललं. सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार जून २०२४ मध्ये संपला, सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. डॉट कॉमचे दर डॉलरमध्ये ठरतात, वर १८ टक्के जीएसटी. सुरक्षेची सर्टिफिकेटं लेट्स एन्क्रिप्टमुळे फुकट झाली, पण मार्च २०२९ पासून कुठल्याही सर्टिफिकेटची मुदत ४७ दिवसांहून जास्त नसेल. हातानं बदलत बसण्याचे दिवस संपले.

मोठ्या कंपन्या आमच्याहून स्वस्त देतात, आणि ज्याला स्वतः सगळं जमतं त्यानं तिकडे जरूर जावं. आम्ही ९९.९ टक्के चालू असण्याची हमी देतो. तिचा हिशोब वर्षाला पावणेनऊ तास बंद असा होतो, हेही मी प्रत्येकाला आधीच सांगतो. आमच्याकडून मिळतं ते एवढंच: बंद पडलं की मराठीत बोलणारं माणूस फोन उचलतं, त्याला तुमचा धंदा माहीत असतो, आणि तुम्ही सोडून जायचं म्हटलंत तर तुमच्या फाइली, डेटाबेस आणि ट्रान्सफरचा कोड ते त्याच दिवशी तुमच्या हातात देतं. शेवटची गोष्ट जो करत नाही, त्याच्याकडे होस्टिंग घेऊ नका.

तुमची, तुमच्या शाळेची किंवा मंडळाची वेबसाइट असेल तर या आठवड्यात चार प्रश्न विचारा. डोमेन कोणाच्या नावावर आहे? मुदतीची सूचना कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाइलवर येते? बॅकअपची एक प्रत होस्टिंगवाल्याच्या बाहेर कुठे आहे? ती शेवटची परत उभी करून कधी बघितली? उत्तरं लेखी घ्या आणि संस्थेच्या दप्तरात ठेवा. नाव तुमचं आहे, तेव्हा त्याची किल्लीही तुमच्याच ताब्यात असली पाहिजे.