सोनोमा डोंगरावरील दोन दिवस

शेतकरी विश्रांतीकरितां परमुलखीं गेला तरी त्याची नजर दुसऱ्याच्या बांधावर गेल्यावांचून राहत नाहीं. कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत, ग्लेन एलेन या लहानशा गांवीं, शनिवार-रविवारचे दोन दिवस आम्ही राहिलों, तेव्हां आमचेंहि तसेंच झालें. खालीं खोऱ्यांत द्राक्षांचे मळे, वर रेडवुड व ओक वृक्षांची दाट छाया. शिणलेल्या माणसास आणखी काय पाहिजे? हा मुलूख आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्या बागाईतदारांच्या परिचयाच्या थॉमसन सीडलेस या वाणाचें नांव कॅलिफोर्नियांतीलच एका बागाईतदारावरून पडलें, व आपला तास-ए-गणेश त्यांतूनच निवडलेला आहे. परंतु आमचें मन गुंतलें तें डोंगरावरील एका जुन्या शेतांत.

हें शेत जॅक लंडन या प्रसिद्ध कादंबरीकाराचें. १९०५ सालीं त्यानें येथें सुमारें १३० एकर जमीन घेतली, व पुढें शेजारचीं शेतें जोडीत तो सुमारें १,४०० एकरांचा धनी झाला. पूर्वीच्या मालकांनीं उताराच्या जमिनींतून पिकें काढलीं, परंतु तिला परत कांहींच दिलें नाहीं. माती धुपली, कस गेला. अशी निःसत्त्व भूमि पुन्हां सजीव करावयाची, हा त्यानें चंग बांधला.

१९०४ सालीं रशिया-जपान युद्धाचा बातमीदार म्हणून तो कोरियांत गेला होता. तेथें डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं केलेलीं शेतें त्यानें पाहिलीं, व त्याच धर्तीवर आपल्या उतारास ताली घातल्या. पाणी अडलें, मातीहि अडली. हिरवळीचीं पिकें तो नांगरून जमिनींत गाडी. गोठ्यांतील मलमूत्र वायां न दवडतां खड्ड्यांत सांठवून शेतास घाली. मुरघासाकरितां त्यानें काँक्रीटचे दोन उंच मनोरे बांधिले. ते आम्हीं पाहिले. १९१५ सालचा डुकरांचा दगडी गोठाहि पाहिला. मध्यें खाद्याची कोठी व भोंवतीं वर्तुळाकार खण, त्यामुळें एकाच गड्यास सर्वांस चारा घालतां येई. लोक थट्टेनें त्यास डुकरांचा राजवाडा म्हणत.

परंतु सर्वच बेत साधले नाहींत. निलगिरीच्या लांकडास मोठा भाव येईल, असा त्या काळीं तिकडे बोलबाला होता. त्या भरंवशावर त्यानें हजारों रोपें लाविलीं. पण लांकूड वाळतांना पिळवटे व तडके, आणि धंदा बसला नाहीं. स्वतःकरितां बांधलेलें विशाल दगडी घर १९१३ च्या ऑगस्टांत, राहावयास जाण्यापूर्वींच, जळून गेलें. त्याच्या भिंती झाडींत अद्यापि उभ्या आहेत. रोज सकाळीं हजार शब्द लिहावे व त्यांचे पैसे शेतांत घालावे, असा त्याचा क्रम होता. २२ नोव्हेंबर १९१६ रोजीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, तो याच शेतावर वारला.

रविवारीं सायंकाळीं उताराकडे पाहत बसलों असतां आमच्या मनांत हिशेब चालला होता. लेखणीच्या जोरावर शेत चालविणें सामान्य शेतकऱ्यास शक्य नाहीं. दगडी वाडे बांधणें तर नाहींच. परंतु त्याच्या कामांतील जें खरें मोलाचें, तेंच सर्वांत कमी खर्चाचें होतें: ताल, शेणखत व हिरवळीचें खत. भावाच्या नुसत्या बोलबाल्यावर केलेली लागवड मात्र त्यास भोंवली. हे दोन्ही धडे आपल्या मुलखांतहि तितकेच लागू आहेत.

त्याच्या जुन्या जमिनीपैकीं कांहीं भागांत आज द्राक्षवेली डोलत आहेत. मालक गेला, घर जळालें, पण माती राहिली. ज्या वाचकांची जमीन उताराची आहे, त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या बांधावरून एकवार फिरून यावें, एवढीच आमची विनंती आहे.